रेटिसन

यंदा दिवाळीनंतर गावाकडच्या घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचं ठरलं, म्हणून मी चार दिवसांची रजा काढून नांदेडहून गेले. घरातलं सगळं सामान अंगणातल्या लिंबाखाली आणून ठेवलं होतं. पितळेची घागर, डाळीचे डबे, बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर एका धुतलेल्या साडीत गुंडाळून, आणि मायची लोखंडी पेटी. पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या लुगड्यांचा वास येतो. मायनं आत हात घालून तळातून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "हे तू घिऊन जा आता. माझं काय खरं हाय," ती म्हणाली.

पिशवीत दोन प्रगतीपत्रकं होती. इयत्ता सातवी. एक माझं, एक धाकट्या वनूचं.

मायला वाचता येत नाही. पण माझं कार्ड कोणतं ते तिला बरोबर ठाऊक होतं. तेच जास्त मळलेलं होतं. घरी पाहुणा आला की ती ते पेटीतून काढून दाखवायची, त्यामुळे त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या. वनूचं कार्ड मात्र कोरं करकरीत. निकालाच्या दिवसांनंतर तीस वर्षांत ते कुणी उघडलं नव्हतं.

मी उघडलं. शेवटच्या रकान्यात, 'शेरा' या शब्दापुढे, निळ्या शाईतलं ते तिरपं अक्षर अजून तसंच होतं. मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि रांजणापाशी नुसतीच उभी राहिले.

*

आमचं गाव कुरुंद्यापासून जवळ. हळदीचा मुलूख. माघ-फाल्गुनात गावात शिरलं की आधी वास यायचा. शिजत्या हळदीचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच तो कळतो. ओल्या मातीसारखा, थोडा कापरासारखा, आणि मागे नाकाला झोंबणारा. शेताच्या बांधावर मोठ्या कढया चढायच्या, पांढरी वाफ आमराईपर्यंत जायची. बाया हळदीचे गड्डे मोडायला बसायच्या. आम्ही दोघी बहिणी शाळा सुटली की दप्तर कुंपणाला अडकवून मायशेजारी बसायचो. आमची बोटं पार उन्हाळा संपेपर्यंत पिवळी असायची. वहीच्या पानांवर, भाकरीवर, पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर ती पिवळी बोटं उमटायची.

वनू माझ्याहून वर्षानं लहान, पण आम्ही एकाच वर्गात होतो. थोरलीला सोबत पाहिजे म्हणून तिचं नाव लवकर घातलं होतं. ती सोबत म्हणून आली आणि माझ्या पुढं गेली. गणित तिला नुसतं बघून यायचं. साबणाच्या वडीवरचं, खताच्या पोत्यावरचं, एस.टी.च्या पाठीवरचं, जे दिसेल ते ती वाचायची, आणि वाचलेलं सगळं बोलायची. गड्डे मोडताना तिच्याभोवती बाया सरकून बसायच्या. शाळेत शिकवलेला धडा ती त्यांना असा सांगायची की त्यातला राजा आमच्याच गावचा वाटायचा. एक म्हातारी म्हणायची की हे पोरगं बोलून राहिलं की ऊन लागत न्हाई.

मी बोलत नसे. मला बोलायचं काही नसे असं नाही. पण बोलायला तोंड उघडेपर्यंत वनूनं ते बोलून टाकलेलं असायचं. आणि खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटायचा. सबंध लहानपण वाटला. तो माझ्याखेरीज कुणाला दिसला नाही, कारण मी गप्प असायची आणि गप्प पोरीला लोक गुणाची समजतात.

सातवीला आम्हाला एक नवे गुरुजी आले, वाशिमकडचे. तरुण होते. कसल्याशा मोठ्या परीक्षेला बसत होते. मधल्या सुट्टीत ते एक जाडजूड डिक्शनरी उघडून बसायचे आणि अवघड इंग्रजी शब्द वहीत उतरवून घ्यायचे. शब्द, अर्थ, आणि वाक्यात उपयोग. त्यांना त्या शब्दांचं इतकं वेड होतं की वर्षाअखेर प्रगतीपत्रकं भरताना त्यांनी 'समाधानकारक' वगैरे न लिहिता प्रत्येकाला आपल्या वहीतला एकेक शब्द दिला.

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर वसमतला मावशीकडं राहावं लागणार होतं. मावशीच्या दीड खोलीत एकीचीच सोय होती. बाबा आदल्या वर्षी गेले होते. मायनं खूप दिवस विचार केला. अखेर ती म्हणाली की दोघींचा निकाल लागू द्या, गुरुजी काय म्हणतात ते बघू, आणि ठरवू.

निकालाच्या दिवशी वनू गावात नव्हती. शिरड शहापूरला मामाकडं लग्न होतं, तिथं हाताखाली म्हणून तिला नेलं होतं. मी एकटीच गेले. झेंडावंदन झालं, गोळ्या वाटल्या, कार्डं वाटली. मी वनूचंही घेतलं. मग व्हरांड्यात उभी राहून मी शेरा वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं लागत होती, शब्द लागत नव्हता. मी गुरुजींना विचारलं.

गुरुजी खूश झाले. त्यांना असं विचारणारं कुणी नव्हतंच. ते म्हणाले, "रेटिसंट. विशेषण आहे. अर्थ अबोल, मितभाषी. मनातलं सहजी बाहेर न काढणारी." मग त्यांनी एक वाक्यही करून दाखवलं. वनूचा शब्द लोक्वेशस होता. तो सांगताना ते हसले. "भरपूर बोलणारी. ऐकत राहावं अशी. तिला शिकवा म्हणावं आईला."

एवढं ते म्हणाले. शाळेपासून घर लांब नव्हतं. वाटेत दोन्ही बाजूंना अंगणांत हळद वाळत पडलेली होती आणि तिच्यावरून पाय न पडू देता चालावं लागायचं. मी चालत होते आणि गुरुजींचं शेवटचं वाक्य मनात घोळवत होते. घरी पोचेपर्यंत मी ते टाकून दिलं होतं.

माय चुलीपुढं होती. तिनं हात पुसले, कार्डं हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि मला परत दिली. मी विषय आणि गुण वाचू लागले तेव्हा तिनं मला थांबवलं. "पास तर दोघी बी हायेत. गुरुजीनं स्वतः काय लिवलं, ते सांग."

मी म्हणाले, "मला रेटिसंट लिहिलंय."

"म्हंजी?"

"म्हणजे लई हुशार. पुढं शिकवावं अशी."

"अन वनीला?"

"बडबडी. अभ्यासात ध्यान न्हाई असं लिहिलंय."

पहिला शब्द खोटा होता. दुसरा निम्मा खरा होता, आणि त्याला मी जी शेपटी जोडली तिची मला आजही जास्त शरम वाटते. पहिल्यात मी स्वतःला वर चढवलं होतं. दुसऱ्यात मी माझ्या बहिणीचा हात धरून तिला खाली ओढलं. आणि हे करताना माझा आवाज कापला नाही.

*

वनू तीन दिवसांनी परत आली. केसात लग्नातला गजरा, आणि तोंडात लग्नातल्या सगळ्या गमती. मायनं तिला निकाल सांगितला. वनूनं दोन्ही कार्डं मागून घेतली आणि ओसरीवर शेजारी शेजारी ठेवली. शेऱ्यातला इंग्रजी शब्द तिला लागला नाही, पण आकडे वाचता येत होतेच. गणितात तिचे माझ्याहून जास्त होते, इतिहासात, विज्ञानातही. तिनं ते मायला दाखवलं. माय म्हणाली, "आकडे काय, एखांद्या दिवशी कमी-जास्त पडतेत. गुरुजी वर्षभर बघून राहिले होते. त्याहिचा शब्द मोठा."

वनूनं माझ्याकडं पाहिलं. मी कोनाड्यातल्या दिव्याची काच पुसत होते. ती म्हणाली, "बडबडी लिवलं का? खरंच लिवलं की मग." आणि हसली. ती मग परसात गेली आणि बराच वेळ आली नाही. गुरुजी सुट्टीला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत, त्यांची बदली झाली.

जूनमध्ये मी वसमतला निघाले. माझी पेटी वनूनंच फाट्यापर्यंत डोक्यावर नेली. गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या बायांना ती सांगत होती की आमची अक्का रेटिसन हाय, गुरुजीनं लिहून दिलंय. गाडी आली तेव्हा तिनं आपली कंपासपेटी माझ्या हातात ठेवली. माझ्या कंपासमधलं कर्कटक मोडलं होतं आणि तिचं चांगलं होतं. मी ती घेतली. खिडकीतून पाहिलं तर ती गाडीबरोबर थोडं पळाली, मग थांबली, आणि धुरातच काहीतरी बोलत राहिली. ते मला ऐकू आलं नाही.

तो शब्द मात्र गावात राहिला. मायला 'रेटिसंट' म्हणता येत नसे, ती 'रेटिसन' म्हणायची. तिच्याकडून तो गल्लीत गेला. काही वर्षांत आमच्या गल्लीत जे जे चांगलं ते रेटिसन झालं. हळदीचं बेणं रेटिसन, दुभती म्हैस रेटिसन, कामाची सून रेटिसन. सुट्टीला आले की मला तो चहूकडून ऐकू यायचा. रानात गेलं तरी यायचा. लोक तो हसत, मायेनं वापरायचे, आणि दर वेळी मला वाटायचं की आपल्याला कुणीतरी नावानिशी हाक मारून उभं केलंय.

सुट्टीत वनू माझी पुस्तकं उघडून बसायची. दुपारी हळदीच्या कामावरून आली की हात न धुताच. मग आठवायचं, मग उठून हात धुवायची. पहिल्या वर्षी तिनं माझं बीजगणित माझ्याआधी सोडवलं. दुसऱ्या वर्षी ती मला विचारायची, हे कसं, ते कसं, आणि मी सांगायची. तिसऱ्या वर्षीचं मला आठवत नाही. तिनं विचारणं नेमकं कधी बंद केलं, ते मला कितीही आठवून आठवत नाही. आठवतं ते एवढंच की एका उन्हाळ्यात माझी पुस्तकं बॅगेत होती तशीच परत गेली.

मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं. एवढ्या विषयांत तोच का घेतला, हे मला कुणी विचारू नये.

*

वनूचं लग्न आखाडा बाळापूरला ठरलं. हळदीच्या दिवशी मांडवात माणसं बसली होती. नवऱ्याकडच्या पाहुण्यांत एक निवृत्त मास्तर होते, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. माय मला पुढं करून सगळ्यांना सांगत होती की ही थोरली, कॉलेजात इंग्रजी शिकून राहिली, रेटिसन हाय. मास्तरांनी मान वर केली. त्यांनी मायला परत विचारलं, कोणता शब्द? मायनं ऐटीत परत सांगितला, आणि कार्ड आणायला निघाली.

मास्तर साधे होते, त्यांना कुणाला खाली बघायला लावायचं नव्हतं. ते नुसतं म्हणाले की बाई, रेटिसंट म्हणजे अबोल, कमी बोलणारी. मायचं पाऊल अडखळलं. आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. माय वळून माझ्याकडं बघायला लागली. तिच्या डोळ्यांत शंका नव्हती. मास्तर चुकले असतील तर लेकीनं ते नीट सांगावं, एवढंच होतं.

तेव्हा मी तेरा वर्षांची नव्हते. एकवीस वर्षांची होते, आणि इंग्रजीत पहिल्या श्रेणीत होते. खरं सांगायला ती जागा होती. मी मायला म्हणाले, "एका शब्दाचे दोन अर्थ असतात, माय. जुन्या इंग्रजीत तोच अर्थ आहे."

माय लगेच खुलली. "बघा, मास्तर." मास्तरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. त्यांना सगळं कळलं असणार. त्यांनी चहाची बशी उचलली. चार हातांवर पाटावर वनू बसली होती, अंगभर ओली हळद, बायांच्या गाण्यात तिनं यातलं काही ऐकलं की नाही कोण जाणे. मी उठून चुलाण्याकडे गेले आणि पोळ्या भाजणाऱ्या बायांत जाऊन बसले. धुरानं डोळ्यांत पाणी आलं असं त्यांना वाटलं.

पुढं मला नोकरी लागली. वीस वर्षं झाली, मी पोरांना शब्द शिकवते. अर्थ सांगते, वाक्यात उपयोग करून घेते. शांततेचे, अबोलपणाचे शब्द आले की फळ्यावर ओळीनं लिहिते, क्वाएट, सायलेंट, म्यूट. तो एक लिहीत नाही. एकदा एका मुलीनंच विचारलं, मॅडम, यात रेटिसंट पण बसतो का? मी बसतो म्हणाले आणि फळा पुसला.

*

लिंबाखाली ती पिशवी मांडीवर घेऊन बसले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता हे जवळ ठेवता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही कार्डं पर्समध्ये घालून बाळापूरची गाडी धरली.

वनूची पिठाची गिरणी आहे, बाजाराच्या रस्त्याला लागून. ती आणि तिचा नवरा मिळून चालवतात. मी पोचले तेव्हा ती एकटीच होती. गिरणीच्या आवाजात तिनं नुसता हात केला, स्टूल सरकवलं. तिच्या भुवयांवर, पापण्यांवर पीठ होतं. डबे ओळीनं लागले होते. ती पट्ट्याच्या आवाजातसुद्धा गिऱ्हाइकाशी बोलत होती, एकीला हसवत होती, एकीच्या सुनेची चौकशी करत होती. दुपारी लाइट गेली, गिरणी थांबली, आणि लोक डबे ठेवून निघून गेले.

मी कार्डं तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. व्हरांड्यातलं, वाटेतलं, चुलीपुढचं. तिच्या लग्नातलंही. मध्ये थांबले असते तर परत सुरुवात झाली नसती, म्हणून थांबले नाही. गुरुजींचं शेवटचं वाक्य सांगितलं तेव्हा ती पदरानं कार्डावरचं पीठ झटकत होती. तिचा हात थांबला.

"तिला शिकवा, असं म्हणले होते?"

"व्हय."

"मला?"

"तुला."

तिनं आपलं कार्ड उघडलं. शेऱ्यापुढच्या शब्दावर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. "कसं म्हणायचं ह्याला?"

मी सांगितलं. तिनं दोनदा म्हणून बघितलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं. तिनं विचारलं की हा शब्द वाईट आहे का. मी म्हणाले, नाही, चांगला आहे, ऐकत राहावं अशी बोलणारी. तिनं त्या शब्दावरून परत बोट फिरवलं. मग म्हणाली, "गुरुजीनं चांगलंच लिवलं होतं की, अक्का. मी तीस वर्ष समजून राहिले की त्या माणसाला मी आवडत नव्हते."

मी माफ कर म्हणाले असेन, पण आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"मायला सांगितलं?"

मी म्हणाले की आज संध्याकाळी सांगणार आहे. तिनं मान हलवली. "सांगू नको. तिनं दोन लेकरातून एक निवडलं. बराबर निवडलं, एवढ्याच भरवशावर म्हातारी झोपते. ते काढून घिऊ नको तिचं. तुला हलकं वाटावं म्हणून तिला जड करू नको."

मला तेवढंच बाकी होतं. मायपुढं रडून मोकळं व्हायचं, हे मी गाडीत बसल्यापासून ठरवलं होतं. वनूनं ते ओळखलं आणि माझ्या हातातून काढून घेतलं. ती बरोबर होती.

लाइट आली. ती उठली, पट्टा चढवला, पण खटका दाबला नाही. माझ्याकडं पाठ करूनच बोलली. "मला राग येऊन राहिला. लई. तो एका दुपारी जायचा न्हाई. आज तू जा. पुढच्या ऐतवारी ये, तवा मी बोलते."

मी गेले. त्या रविवारी तिनं गिरणी बंद ठेवली होती. मागच्या खोलीत चटईवर बसून ती सकाळपासून दुपार कलेपर्यंत बोलली. जूनमध्ये शाळा उघडली की तिचं पोट दुखायचं, अजून दुखतं. मी गेल्यावर वर्षभर ती सातवीचीच पुस्तकं परत परत वाचत होती, मग मायनं ती एका लेकराला देऊन टाकली. मामाच्या घरच्या त्या लग्नाला आपण गेलो नसतो तर काय झालं असतं, हा हिशेब तिनं हजार वेळा केला होता, आणि दर वेळी स्वतःलाच दोष दिला होता. हे ती सांगत होती तेव्हा मी खाली बघत होते. ती म्हणाली, वर बघ. मी वर बघितलं.

जेवायला वाढताना तिनं मला भाकरीवर लोणी घातलं, लहानपणी माय घालायची तसं. मला वाटलं की संपलं, मिटलं. मी परत माफी मागायला गेले तेव्हा तिनं हात वर केला.

"ते बोलू नको. माफ करायचं का न्हाई ते माझं मला ठरवायचं हाय. तू नुसती येत जा."

मी दर रविवारी बाळापूरला जाते. ती कधी दोन तास बोलते, कधी गिरणीवरच असते आणि मी डबे उतरवून घेते. तिनं अजून काही ठरवलेलं नाही.